नवारीचा हार्नेस

कुत्रं घरात घ्यायचं नाही, हे मी लग्न ठरतानाच सांगितलेलं. बघायला आलेला मुलगा फौजेत होता आणि तिथे कुत्र्यांना शिकवायचं काम करायचा, म्हणून आधीच स्पष्ट केलेलं बरं. मला कुत्री आवडत नाहीत. तो ओला वास, ते दिसेल त्याला चाटणं, सगळ्याचीच मला शिसारी. मुलाने ऐकून घेतलं आणि मान डोलावली. लग्न झालं, पुढे हे फौजेतून सुटून आले, डोंबिवलीच्या एका कारखान्यात सुरक्षा विभागाला लागले, आम्ही शहाडला बैठ्या चाळीत घर घेतलं, आणि एके संध्याकाळी हे कामावरून परतले ते शर्टाच्या आत काहीतरी वळवळणारं घेऊन.

"घरात नाही, पडवीत ठेवतो," म्हणाले. शब्दाचे अगदी पक्के. पडवीत पोतं अंथरलं, त्यावर ते काळंतांबूस पिल्लू ठेवलं, आणि माझ्याकडे न बघता पाय धुवायला गेले. मी चार दिवस धड बोलले नाही. पण उंबरा मात्र त्या कुत्र्याला कधी ओलांडू दिला नाही. यांनी त्याला फौजी थाटाचं एक नाव दिलं होतं. मी ते कधी घेतलं नाही. मी त्याला "ए" म्हणायचे, आणि तो तेवढ्यावर यायचा.

त्याच वर्षी अण्णा, म्हणजे माझे वडील, आमच्याकडे राहायला आले. नौपाड्यात स्टेशनच्या जवळ एका गल्लीत त्यांचं शिलाईचं दुकान होतं. उभा जन्म तिथे गेला. आई गेली, नजर अधू झाली, तेव्हा दुकान सोडलं आणि मशीन तेवढं टेम्पोत घालून माझ्याकडे आणलं. मला भाऊ नाही, त्यामुळे लेकीकडे कसं राहायचं वगैरे त्यांचं सुरुवातीला चाललं होतं. मी एकदाच आवाज चढवला आणि तो विषय संपला.

आल्यावर काही महिन्यांतच कळलं की अण्णांचं डोकं दगा द्यायला लागलंय. आधी चष्मा कुठे, चहा झाला का, असं साधंच. मग एक दिवस सकाळी आंघोळ करून, टोपी घालून, हातात पिशवी घेऊन निघाले. "कुठे?" विचारलं तर म्हणाले, "दुकान उघडायला नको? गिऱ्हाईक येऊन उभं असेल." मी हसले. दुसऱ्या वेळी हसू आलं नाही, कारण त्या वेळी ते मला न सांगता गेले आणि संध्याकाळी कल्याण स्टेशनच्या बाकावर सापडले. शेजारच्या माणसाला ते सांगत होते की आज गल्लीच बदललीय, दुकान दिसत नाही.

त्या दिवसापासून माझा जीव थाऱ्यावर राहिला नाही. आमच्या घराच्या एका बाजूला रूळ, दुसऱ्या बाजूला उल्हास नदी, आणि मधे माझे वडील. कडी लावून ठेवावी तर ते दाराशी उभे राहून गोड आवाजात विचारायचे, "बाई, जरा दार उघडता का?" माझ्या बापाने मला बाई म्हणायचं आणि मी दार उघडायचं नाही, हे मला जमत नव्हतं. मी रडायचे, मग भांड्यांवर राग काढायचे.

एका रात्री जेवताना हे म्हणाले, "अण्णांना कोंडून नाही ठेवायचं. त्यांना जाऊ दे. आपण शोधायचं शिकू."

"म्हणजे?"

त्यांनी पडवीकडे बोट केलं.

मी तोंडात येईल ते बोलले. माझे वडील म्हणजे काय चोर आहेत, त्यांच्या मागे कुत्रं लावताय! यांनी शांतपणे पाणी प्यायलं आणि दुसऱ्या दिवशी कल्याणच्या बाजारातून खाटेची नवार, पितळी बकलं आणि एक जाड कडी घेऊन आले. नवार म्हणजे खाटेला विणतात ती रुंद सुती पट्टी. ते सगळं त्यांनी अण्णांच्या पुढ्यात ठेवलं. "अण्णा, एक काम होतं. एका गिऱ्हाइकाचं माप घ्यायचंय."

अण्णा उठले. गळ्यात टेप अडकवली. पडवीत जाऊन त्या कुत्र्याच्या छातीचं माप घेतलं, खांद्याचं घेतलं, पोटाखालून घेतलं. नातवाला कोट शिवावा इतक्या मनापासून. मुलीचं नाव आठवेनासं झालेला हा माणूस, पण खडू कुठे टेकवायचा ते त्याच्या बोटांना बरोबर ठाऊक होतं. नवार दुहेरी करून, आतून जुन्या घोंगडीची पट्टी लावून, मेण लावलेल्या दोऱ्याने त्यांनी हार्नेस शिवला. छातीवरच्या जोडाला फुलीचे टाके घातले आणि त्याभोवती चौकोन. हा चौकोन त्यांची खूण होती. शाळेच्या दप्तरांना, बॅगांच्या पट्ट्यांना, जिथे म्हणून ताण येतो तिथे अण्णा तो चौकोन घालायचे. माझ्याही दप्तराला होता.

हार्नेस कशाला, गळ्यात पट्टा आहे की, असं मी विचारलेलं. तर हे म्हणाले, "गळ्यातला पट्टा म्हणजे तू माझं ऐक. छातीचा हार्नेस म्हणजे मी तुझं ऐकतो. पट्ट्याला ओढलं की गळा आवळतो, कुत्रं थांबतं. हार्नेसमध्ये ते छातीने ओढतं, मान मोकळी, नाक जमिनीला. आणि तो फक्त माग काढतानाच घालायचा. फिरायला नाही, खेळायला नाही. बकल वाजलं की त्याला कळलं पाहिजे, आता काम."

काम असं. अण्णा रोज सकाळी चहा पिऊन शेताच्या बांधावरून नदीकडे चालत जायचे आणि एका जांभळाच्या झाडाखाली बसायचे. पूर्वी मी त्यांच्यामागे धावायचे. आता हे त्यांना जाऊ द्यायचे, कुणाला तरी लांबून नजर ठेवायला सांगायचे, मग बऱ्याच वेळाने कुत्र्याला अण्णांचं न धुतलेलं बनियन हुंगायला द्यायचे, हार्नेस चढवायचे, कडीला लांब दोर बांधायचे आणि त्याच्या मागे निघायचे. झाडापाशी पोचला की तो अण्णांच्या समोर बसून उजवा पंजा त्यांच्या गुडघ्यावर ठेवायचा. अण्णा खिशातून ग्लुकोजचं बिस्किट काढून त्याला द्यायचे. आपल्याला कुणी शोधून काढलं, हे त्यांच्या गावीही नसायचं. त्यांना वाटायचं, रोजचा मित्र आलाय.

मी एकदा गंमत बघायला म्हणून गेले. खरं तर हसायला गेले होते. बांधावरून आधी म्हशींचा कळप गेला होता, सगळी माती उकरलेली, शेणाने भरलेली. मला वाटलं, आता संपला याचा माग. कुत्र्याने नाक खाली घातलं. दोर ताठ झाला. तो त्या सगळ्या चिखलातून, शेणातून गेला, आणि मधेच काही कारण नसताना उजवीकडे वळून एका बाभळीपाशी थांबला, झाडाभोवती फिरला, परत बांधावर आला. "इथे अण्णा थांबलेले दिसतात," हे म्हणाले. मी नजर ठेवणाऱ्या बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, हो, त्या झाडावर पतंग अडकलेला होता, तो बघत उभे होते.

 माझे वडील तिथे उभे राहिले होते आणि ते उभं राहणं अजून तिथेच होतं, जमिनीवर, हवेत, कुठे ते मला माहीत नाही. मला ते दिसत नव्हतं आणि त्या जनावराला दिसत होतं. मी आपली समजत होते की माणूस गेला की जागा रिकामी होते. त्या दिवशी मी घरी येऊन कुत्र्याला भाकरीवर थोडं तूप घातलं.

यांची एक इच्छा होती, की कुत्र्याला कारखान्याने ठेवून घ्यावं. म्हणून एक दिवस त्याला डोंबिवलीला नेलं. साहेब लोक जमले. एका रखवालदाराची टोपी कुत्र्याला हुंगायला दिली, रखवालदार पिंपांच्या मागे लपून बसला. यांनी हार्नेस चढवला. कुत्र्याने टोपीकडे बघितलंसुद्धा नाही. नाक खाली घालून सगळं आवार पालथं घातलं, मग फाटकापाशी जाऊन उभा राहिला आणि यांच्याकडे बघायला लागला. साहेब हसले. लपलेला रखवालदार कंटाळून आपणच बाहेर आला.

घरी आल्यावर हे पायरीवर बसून राहिले. "माझंच चुकलं. फौजेत माग टाकणारा, म्हणजे पुढे जाऊन लपणारा माणूस रोज बदलायचे. इथे रोज अण्णाच. त्याला वाटतं, हार्नेस म्हणजे अण्णा. जगात दुसरं कुणी शोधायचं असतं, हेच त्याला माहीत नाही." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तू बसली असतीस कधी झाडाखाली तर..." मी म्हटलं, मी कुत्र्यासाठी शेतात जाऊन बसणार नाही.  कुत्रं पडवीत पोत्यावर निवांत झोपलं होतं. आपण नापास झालोय, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

त्या वर्षी पाऊस लांबला होता. नवरात्राच्या तोंडाशी नदी अजून भरून वाहत होती. घट बसायच्या आधी घरातला कपडा न् कपडा धुवायचा, ही आमची रीत. चाळीतल्या सगळ्या बाया दोन दिवस नदीवरच होत्या. गोधड्या, चादरी, पडदे, उशांचे अभ्रे, घरातलं एक फडकं ठेवलं नाही आम्ही. दुसऱ्या दिवशी दुपारी मी शेवटची बादली घेऊन घरी आले. अण्णांना शेजारच्या काकूंकडे जेवायला बसवून गेले होते. काकू म्हणाल्या, "अगं, ते तर जेवून लगेच घरी गेले. झोपले असतील."

घरात अण्णा नव्हते. टोपी नव्हती, पिशवी नव्हती.

मी बाहेर येऊन हाका मारल्या. चाळीतली माणसं धावली. कुणी शहाड स्टेशनला गेलं, कुणी कल्याणला. मी बांधावरून जांभळापर्यंत धावत गेले आणि रिकामी परत आले. तेवढ्यात हे पहिली पाळी संपवून दारात आले. माझ्या तोंडाकडे बघूनच समजले. एकच वाक्य बोलले, "अण्णांचा न धुतलेला कपडा दे."

मी आत गेले आणि दोरीकडे बघत राहिले. बनियन धुतलेलं. लेंगे धुतलेले. चादर, अभ्रा, शाल, टॉवेल, मशीनवरचं आच्छादन, सगळं नीळ घालून, पिळून, वाळत घातलेलं. घरभर साबणाचा वास. माझ्या वडिलांचा वास म्हणून एक चिंधी माझ्या घरात उरली नव्हती. यात माझी चूक झाली असं मी आजही मानत नाही. घट बसायचे होते. कुठल्याही बाईने हेच केलं असतं. पण त्या क्षणी मी माझा संसार उचलून नदीत फेकला असता.

"नाहीय," मी म्हटलं. "काहीच नाहीय."

 यांनी खिळ्यावरचा हार्नेस काढला, कुत्र्याच्या डोक्यातून घातला, पोटाखालून पट्टा ओढला. बकल वाजलं. त्यांनी काहीही हुंगायला दिलं नाही. नुसतं त्याच्या पाठीवर हात ठेवला.

कुत्र्याने नाक खाली घातलं.

आधी तो रोजच्या बांधाकडे चार पावलं गेला. थांबला, परत फिरला. पडवीची पायरी हुंगली, काकूंच्या दाराशी जाऊन आला. मग दोर ताठ झाला आणि तो दुसऱ्याच वाटेला निघाला, घरांच्या मागून, धोब्याच्या वाटेने, सरळ नदीकडे. मी ओली साडी तशीच खोचून मागे धावत होते. आम्ही बाया माना खाली घालून धूत होतो तेव्हाच कधीतरी अण्णा मागून गेले असणार. तिथे आदल्या दिवसापासून साऱ्या चाळीची पावलं उमटली होती. बायका, पोरं, म्हशी, साबणाचं पाणी. त्या सगळ्यांच्या खाली कुठेतरी एका म्हाताऱ्याच्या चपला होत्या, आणि तो त्या बरोबर वेचत चालला होता.

धुण्याच्या दगडांपाशी तो पाण्याच्या अगदी काठाला गेला. आणि थांबला.

पाणी गढूळ, वेगात चाललेलं. माझे डोळे त्या पाण्यावरून हलेनात. मी यांचा हात धरला. म्हटलं, बस, मला पुढचं नको. हे हलले नाहीत. दोर सैल सोडून उभे राहिले. मला वाटलं, ओढा त्याला, ओरडा, काहीतरी करा. पण छातीला हार्नेस म्हणजे आपण त्याचं ऐकायचं असतं. तेवढं मोठं ऐकणं मी कधी बघितलेलं नव्हतं. कुत्र्याने मान वर केली, वारा हुंगला, दगडावर एक फेरी मारली, आणि काठाकाठाने वरच्या अंगाला वळला. दोर परत ताठ झाला.

मी देवाचं नाव घेत नव्हते. मी त्याच्या पाठीवरच्या त्या नवारीकडे बघत चालले होते. पहिल्यांदाच मला ते जनावर सुंदर दिसलं.

पुढच्या गावात देवळापुढे नवरात्राचा मांडव पडत होता. बांबू उभे होते, कापडाचे ढीग पडले होते. कुत्रं माणसांच्या पायांमधून सरळ आत घुसलं. कोपऱ्यात एका सतरंजीवर अण्णा बसले होते. मांडीवर कनातीचं लाल कापड, बोटात सुई. मांडववाले म्हणाले, म्हातारबाबा दुपारी आले, फाटलेली कनात बघून म्हणाले, द्या इकडे, आणि बसले. त्यांना वाटलं, गावातलेच कुणी शिंपी असतील. चहासुद्धा दिला होता. अण्णांनी दुकान उघडलं होतं.

कुत्रं समोर बसलं. पंजा त्यांच्या गुडघ्यावर ठेवला. अण्णांनी खिसा चाचपला, बिस्किट काढलं, त्याला दिलं.

मी त्यांच्यापुढे बसले ती हुंदके देत. अण्णा घाबरले. सुई बाजूला ठेवून मऊ आवाजात म्हणाले, "बाई, रडू नका. तुम्ही कुणाच्या?"

काय सांगणार होते मी?  यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. तोवर अण्णांचं लक्ष कुत्र्याच्या छातीकडे गेलं होतं. त्या फुलीवरून, तिच्याभोवतीच्या चौकोनावरून त्यांनी अंगठा फिरवला. "ही शिलाई माझी आहे," म्हणाले. "इथे जरा उसवलंय. घरी घेऊन चला, घालून देतो टाका."

आणि ते आमच्याबरोबर घरी आले. माझ्यासाठी नाही, त्या उसवलेल्या टाक्यासाठी. मला वाईट वाटलं का? वाटलं. पण ते माझा हात धरून चालत होते.

पुढे दीड-दोन वर्षं अण्णा राहिले. पुन्हा कधी आम्हाला इतकं धावावं लागलं नाही. गेले ते घरीच, दुपारच्या झोपेत. हरवून गेले नाहीत, एवढंच मी देवाकडे मागितलं होतं. कुत्रं पडवीतून आत मान घालून बघत होतं, पण उंबरा त्याने त्या दिवशीही ओलांडला नाही.

यांनी हार्नेस खिळ्याला अडकवला आणि मला बजावलं, "आता हा त्याला घालायचा नाही. माग दिला की शेवटी माणूस भेटलाच पाहिजे, नाहीतर कुत्रं खचतं. आता शेवटी कुणी नाहीय." मी बरं म्हटलं. कुत्रं थोडं खायचं, पायरीवर पडून बांधाकडे बघत राहायचं. मी त्याच्यावर ओरडणं केव्हाच सोडलं होतं.

मग पुन्हा नवरात्र आलं. पुन्हा सगळे कपडे बाहेर काढले. हे कामावर गेले होते. खिळ्यावरचा हार्नेस मला धुवायचाच होता, केवढी धूळ बसली होती त्यावर. मी तो खाली घेतला आणि बकल वाजलं. कुत्रं ताडकन उठलं. मी काही करायच्या आत त्याने माझ्या हातातल्या नवारीत डोकं घातलं आणि उभं राहिलं, वाट बघत.

नाही म्हणवेना मला. मी पट्टा ओढला. दोर बांधला नाही.

त्याने नाक खाली घातलं. उंबरा ओलांडून आत गेला. मी अडवलं नाही. अण्णांची खाट हुंगली, मशीन हुंगलं, त्याचं पायडल हुंगलं. बाहेर आला, पडवीभर फिरला, बांधाकडे थोडं जाऊन थांबला. मान वर करून हवा घेतली. कितीतरी वेळ तसाच उभा. मला माझी मलाच चीड आली, यांनी एवढं सांगितलं होतं आणि मी या मुक्या जीवाला फसवलं.

तो परत फिरला. हळूहळू चालत आला. मी पायरीवर बसले होते, बाजूला धुण्याची बादली. माझ्या पायांपासून वर, हातापर्यंत त्याने मला हुंगलं, जसं इतक्या वर्षांत कधी हुंगलं नव्हतं. मग माझ्यासमोर बसला आणि उजवा पंजा माझ्या गुडघ्यावर ठेवला.

का, ते मला विचारू नका. हे नंतर काहीतरी समजावत होते, मी ऐकलं नाही. अण्णांनी त्या मांडवात मला विचारलं होतं, तुम्ही कुणाच्या, आणि मला उत्तर देता आलं नव्हतं. त्याने दिलं.

हार्नेस मी धुतला नाही. माणूस सापडला की बिस्किट द्यायचं असतं. मी डोळे पुसले, आत गेले आणि डबा काढला.